फोन कोण धरणार?

डोळ्यांचे डॉक्टर ‘आता यापुढे काही करण्यासारखं नाही’ असं म्हणतात तेव्हा ते औषधाबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल बोलत असतात. ऐकणाऱ्याला मात्र ते सगळ्याबद्दलच वाटतं. मग फाइल कपाटात जाते, आजी पेपर वाचायचं सोडतात, आजोबा एकटे बँकेत जाईनासे होतात, आणि शिल्लक राहिलेली नजर, जी पुष्कळदा कामाला येण्याइतकी असते, ती तशीच पडून राहते. त्या उरलेल्या नजरेचा वापर शिकवणं म्हणजे अल्पदृष्टी पुनर्वसन. भिंग कसं धरायचं, नजर कुठे वळवायची, उजेड कुठून घ्यायचा, गॅसच्या बटणावर खूण कशी करायची, फोन बोलता कसा करायचा, रस्ता कसा ओलांडायचा, ही सगळी कामं त्यात येतात. फोन आणि व्हिडिओ कॉलवरून यातलं काय आणि किती शिकवता येईल, याची चाचपणी गेली काही वर्षं जगभर चालू आहे. २०२०च्या टाळेबंदीने तिला एकदम वेग आला. आता जरा थांबून हाती काय लागलं ते पाहायला हरकत नाही.

आधी माणसं कोण ते पाहू. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चांगल्या डोळ्याला योग्य चष्मा लावूनही नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी होऊन १० अंशांपर्यंत आला असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/१८ म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून ओळखू येणारं अक्षर या माणसाला सहा मीटरवरून ओळखू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालात जगातल्या किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं दिसायला अडचण असल्याचं म्हटलं आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यात साधा चाळिशीचा चष्मा न मिळालेलेही मोजले आहेत. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं आणि त्याचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू. मोतीबिंदू काढला की बहुतेकांची नजर परत येते, तेव्हा तो या लेखाचा विषय नाही. इथे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांचं नुकसान भरून न येणारं आहे: वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलेले, मधुमेहाने पडदा खराब झालेले, काचबिंदूने कडेची नजर गेलेले, रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे रातांधळेपणापासून सुरुवात होऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागलेले, आणि अर्धांगवायूच्या झटक्यात एका बाजूचं दिसणं हरपलेले.

अशा माणसाला केंद्रावर जाणं हेच जड असतं. गाडी चालवता येत नाही, एसटीची पाटी वाचता येत नाही, म्हणजे बरोबर कुणीतरी हवं. त्या कुणाचा तरी रोज बुडतो. आणि केंद्रं कुठे, तर हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय, मदुराईला अरविंद, आपल्याकडे मुंबई-पुण्यात काही. गडचिरोली किंवा नंदुरबारहून एकदा येणं जमतं, पाच वेळा नाही. त्यात आणखी एक मेख आहे, जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. दवाखान्याच्या लखलखीत उजेडात, टेबलावर कोपर टेकून जे भिंग उत्तम चाललं, ते घरी माजघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली निरुपयोगी ठरतं, आणि पंधरवड्यात खणात जाऊन पडतं. घरून शिकवण्याच्या बाजूने सगळ्यांत भक्कम मुद्दा प्रवासाच्या खर्चाचा असेल असं वाटतं. माझ्या मते तो उजेडाचा आहे. नजर वापरायची असते ती घरात, आणि शिकवणाऱ्याला ते घर फोनमुळे पहिल्यांदा दिसतं.

पुनर्वसनाचा उपयोग होतो याचा पुरावा मुळात बरा आहे, आणि तो बराचसा अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातून आलेला आहे. या खात्याने १९४८ साली शिकागोजवळ हाइन्स इथे अंध सैनिकांसाठी पहिलं निवासी केंद्र काढलं. पुढे त्याच खात्यात ‘लोव्हिट’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली आले. पडद्याच्या मध्यभागाचा आजार असलेल्या १२६ माजी सैनिकांपैकी निम्म्यांना उपकरणं, तज्ज्ञांची शिकवणी, एक घरभेट आणि दर आठवड्याला घरचा अभ्यास असं सगळं दिलं. बाकीच्यांना चार महिने वाट पाहायला लावली. शिकलेल्यांचं वाचन आणि रोजची कामं लक्षणीय सुधारली, थांबलेल्यांची नाही. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या लोव्हिट चाचणीत ३२३ जण होते, आणि तिचा निष्कर्ष मला जास्त कामाचा वाटतो. ज्यांची नजर थोडीच उणावली होती त्यांना योग्य उपकरण आणि नीट समजावून सांगणं एवढंच पुरलं. शिकवणीचा वेगळा फायदा झाला तो ज्यांची नजर जास्त गेली होती त्यांना. म्हणजे सगळ्यांना सगळं द्यायची गरज नाही. कोणाला एका फोनवर भागेल आणि कोणाला दहा सत्रं लागतील, हे आधी चाळून घेता येतं.

या दोन्ही चाचण्यांतली शिकवणी समोरासमोरची होती, हे मात्र विसरायचं नाही. दुरून दिलेल्या शिकवणीचा पुरावा अजून फारच तोकडा आहे. वैद्यकीय पुरावे चाळून देणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली हाच प्रश्न घेऊन शोध घेतला तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी मिळाली नाही. २०२३च्या सुधारित आढाव्यात दोन मिळाल्या, त्याही छोट्या. एकीत डोळ्याच्या कडेने वाचण्याचा सराव होता, दुसरीत डोक्यावर चढवायचा इलेक्ट्रॉनिक चष्मा आणि त्याची दुरून दिलेली शिकवणी. एवढ्यावरून ‘उपयोग होतो’ असंही ठामपणे म्हणता येत नाही आणि ‘होत नाही’ असंही नाही. दूरस्थ सेवेची जाहिरात करणारे ही गोष्ट सोयीने गाळतात. पण समोरासमोरच्या शिकवणीतला घरचा अभ्यास हाच मोठा वाटा असेल, तर तो अभ्यास फोनवरून करून घेतल्याने त्याचा गुण एकाएकी नाहीसा होईल असं मानायलाही कारण नाही.

प्रत्यक्षात असं सत्र कसं चालतं? समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या आजी आहेत, पडद्याचा मधला भाग गेलेला, हातात वीस डायॉप्टर ताकदीचं भिंग. या भिंगाचं गणित सोपं आहे: शंभराला वीसने भागा, पाच सेंटिमीटर. म्हणजे भिंग कागदापासून जेमतेम तीन बोटांवर हवं. बहुतेक लोक ते वीतभर लांब धरतात, आणि मग म्हणतात, या भिंगात काही दम नाही. व्हिडिओ कॉलवर आजींचा चेहरा छान दिसतो, पण शिकवणारीला चेहरा नकोच असतो. तिला हवं असतं ते कागद आणि भिंग यांमधलं अंतर. म्हणून पहिली दहा मिनिटं नातू फोन घेऊन घरभर फिरतो. शेवटी डब्यांच्या चळतीला टेकवून फोन आडवा, टेबलाच्या उंचीवर बसतो, आणि मग खरं काम सुरू होतं. ‘आजी, भिंग आधी कागदावर टेकवा. आता हळूहळू वर उचला. अक्षर मोठं झालं? अजून थोडं. धुरकट झालं की थांबा, आणि केसभर खाली या.’ अंतर सापडतं. मग डोळा भिंगाजवळ आणायचा, कारण डोळा जितका जवळ तितका भिंगातून जास्त मजकूर दिसतो. मग दिवा डाव्या बाजूला, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पडत नाही. चष्मा कुठला लावायचा हेही तिथेच पाहायचं: हातातलं भिंग बरोबर अंतरावर असेल तर लांबचा चष्मा चालतो, पायांवर उभं राहणारं भिंग असेल तर बहुधा जवळचा लागतो. दवाखान्यात हे सांगितलेलं असतंच. पण तेव्हा त्या बाईंच्या मनात ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य घुमत असतं.

कडेने पाहायला शिकवणं हे यापेक्षा नाजूक. मधला भाग गेल्यावर समोर पाहिलं की समोरचंच नाहीसं होतं. नजर थोडी वर किंवा बाजूला नेली की पडद्याचा चांगला भाग ते काम उचलतो. कुठल्या बाजूला न्यायची हे माणसागणिक वेगळं असतं. शिकवणारे घड्याळाची तबकडी वापरतात: मधोमध बघा आणि कुठला आकडा सगळ्यांत स्पष्ट दिसतो ते सांगा. एकदा दिशा सापडली की रोजचा सराव, आणि सरावाला दुरून कान देणं पुरतं. मराठी वाचताना तर चुकाच सांगतात की नजर कुठे आहे. शिरोरेषेच्या वरचं हरवलं की ‘पंत’चा ‘पत’ होतो, रफार गळतो, वेलांटी कुठली ते कळत नाही. शिकवणारी ऐकूनच म्हणते, ‘काका, नजर ओळीच्या जरा खाली न्या.’ अर्धांगवायूनंतर एका बाजूचं न दिसणाऱ्यांसाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ‘रीड-राइट’ नावाचा सराव इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. त्यात मजकूर पडद्यावर सरकत राहतो आणि डोळ्यांना गेलेल्या बाजूकडे वळायची सवय लागते. संपूर्ण दुरून चालणारा हा चांगला नमुना आहे, फक्त मजकूर इंग्रजी आहे.

व्हिडिओशिवाय नुसत्या फोनवर काय होतं? माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ. आपल्याकडे टाळेबंदीत जे काम झालं ते मोठ्या प्रमाणात साध्या कॉलवरच झालं: औषधांच्या बाटल्यांना रबरबँडच्या खुणा, एक रक्तदाबाची, दोन साखरेची, गॅसच्या बटणावर ‘बंद’च्या जागी उठावाची टिकली, स्टीलच्या ताटात पांढरा भात दिसत नाही म्हणून गडद रंगाची प्लेट, कपात चहा ओतताना कडेला बोट. या गोष्टी सांगायला कॅमेरा लागत नाही. आणि एक गोष्ट तर फोनवरच जास्त मोकळेपणाने निघते. नजर बरीच गेलेल्या काही लोकांना नसलेली माणसं, नक्षी, फुलं, मिरवणुका दिसतात. अठराव्या शतकात स्विस निसर्गाभ्यासक शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव या अवस्थेला मिळालं. हा वेडेपणा नाही. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं काढू लागतो. पण वेडात काढतील या धास्तीने माणसं हे घरच्यांनाही सांगत नाहीत. एकट्याने फोनवर बोलताना कुणी नेमकं विचारलं की सांगतात, आणि ‘हे पुष्कळांना होतं’ एवढं ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडतो. नजर गेल्यावर येणाऱ्या उदासीबद्दल अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले: पडद्याच्या आजाराच्या रुग्णांना भिंग-शिकवणीच्या जोडीला आवडीची कामं पुन्हा हळूहळू सुरू करायला मदत केली, तेव्हा चार महिन्यांत नैराश्यात जाणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. ते काम घरी जाऊन केलं होतं. त्यातला बोलण्याचा भाग फोनला सहज पेलेल.

फोन शिकवण्यासाठी फोनच वापरायचा झाला की गंमत होते. अँड्रॉइडवरचं टॉकबॅक सुरू केलं की पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीचं नाव ऐकू येतं, आणि बोटाचे नियम बदलतात: एकदा स्पर्श म्हणजे फक्त ऐकणं, दोनदा म्हणजे उघडणं. हे त्याच फोनवरून शिकवायचं तर शिकवणारा बोलतो, त्याच वेळी टॉकबॅकही बोलतं, आणि मधोमध शिकणारा. अनुभवी शिक्षक म्हणूनच पहिली अट घालतात की शेजारचा, मुलाचा, कुणाचा तरी दुसरा फोन हवा. पण ही मेहनत फुकट जात नाही. फोन बोलता झाला की २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं ऐकता येतात; रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं ‘मनी’ अ‍ॅप कॅमेऱ्यापुढे धरलेली नोट किती रुपयांची ते सांगतं, तेही इंटरनेटशिवाय.

इथे एक फरक करायला हवा, कारण तो सर्रास पुसला जातो. डेन्मार्कच्या हान्स योर्गेन वीबर्ग यांनी, ज्यांची स्वतःची नजर अधू आहे, जानेवारी २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ सुरू केलं: व्हिडिओ कॉल लावा, जगात कुठला तरी स्वयंसेवक तुमच्या डब्यावरची तारीख वाचून देईल. २०२३ पासून हेच काम कृत्रिम बुद्धिमत्ताही करते. सोय उत्तम आहे आणि ती सर्वांपर्यंत जावी. पण ते डोळे उसने घेणं आहे. स्वतःच्या नजरेने डब्यावरची तारीख वाचता येणारी बाईही घाईत तीच सोय वापरू लागते, आणि सरकारी योजना आखणाऱ्याला वाटतं, अ‍ॅप दिलं, आता शिक्षक कशाला?

उसन्या डोळ्यांचा हाच प्रश्न आपल्या घरांत दुसऱ्या रूपात येतो, आणि पाश्चात्त्य अभ्यासांत तो फारसा डोकावत नाही, कारण तिथले म्हातारे पुष्कळदा एकटे राहतात. आपल्याकडे फोन धरायला कुणीतरी असतं: सून, नातू, शेजारची मुलगी. त्यांच्यावाचून सत्र सुरूच होत नाही. पण सत्र सुरू झालं की उत्तरंही तेच देतात. ‘आजी, काय दिसतंय?’ असं विचारलं की नातू म्हणतो, ‘तिला नाही दिसत ते.’ भिंग बरोबर अंतरावर आणायला आजींना पाच मिनिटं लागतात, सुनेला दोन सेकंद. कुकर लावायचा असतो, ती हात धरून लावून देते. माया असते त्यात, शंकाच नाही. पण पुनर्वसनाचं उद्दिष्ट हेच की या माणसावाचून चालावं, आणि दूरच्या सेवेची पहिली गरज हीच की हा माणूस हवा. दवाखान्यात शिकवणारी ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ म्हणू शकते. फोनवर कुणाला बाहेर बसवणार? फोन तर त्याच्याच हातात आहे. जाणते शिक्षक म्हणून पहिलं सत्र आजींचं ठेवतच नाहीत. ते फोन धरणाऱ्याचं असतं. फोन कुठे ठेवायचा, कधी बोलायचं, मुख्य म्हणजे कधी हात मागे घ्यायचा, हे त्याला शिकवतात. फोनसाठी चारशे-पाचशेचा स्टँड घेणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, कारण हात रिकामे झाले की माणूस उठून जाऊ शकतो.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे गणित उलटं होतं. अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मतः मेंदूला इजा झालेल्या बाळांना पाहायला शिकवायचं असतं, तेव्हा तसंही ते आईच करते, दिवसभर, दूध पाजताना आणि अंघोळ घालताना. तिथे फोन धरणारी व्यक्ती हीच खरी विद्यार्थिनी असते. काळ्या पार्श्वभूमीवर एकच लाल चेंडू, खोलीत बाकी पसारा नको, बाळाला पाहायला वेळ द्यायचा. हे आईला दुरून दाखवता येतं आणि बाळ झोपेतून उठेल त्या वेळेला सत्र घेता येतं. दूरस्थ पद्धत सर्वांत सहज बसते ती इथे.

काही गोष्टी मात्र दुरून करू नयेत. पहिली तपासणी आणि भिंगाची निवड फोनवर होत नाही. नजरेचा घेर, उजेडाला डोळा कसा प्रतिसाद देतो, चष्म्याचा खरा नंबर, हे मोजायला माणूस समोर हवा. पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडणं तर नाहीच. दोन बाजूंना आळीपाळीने टेकवत चालायची पद्धत व्हिडिओवर समजावता येईल, घरातल्या पडवीत करूनही घेता येईल. पण समोरून रिक्षा आली तर मोबाइलमधला शिक्षक हात धरू शकत नाही.

म्हणूनच घर आणि शहर यांच्या मधला टप्पा महत्त्वाचा ठरतो, आणि तो भारतात आधीच उभा आहे. अरविंद रुग्णालयाने दोन दशकांपूर्वी तमिळनाडूतल्या थेनी भागात लहान दृष्टी केंद्रं काढून ती बर्कली विद्यापीठाच्या मदतीने लांब पल्ल्याच्या वाय-फायने मुख्य रुग्णालयाला जोडली. तिथे तालुक्याच्या गावी प्रशिक्षित मुलगी डोळे तपासते आणि डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. डोळ्यांच्या आजारासाठी हे चाललं. पुनर्वसनासाठी चालायला एवढंच हवं की त्या मुलीला भिंगाचं अंतर आणि कडेची नजर शिकवता यावी. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत. अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ या संस्थेचे क्षेत्र कार्यकर्ते आणि शाळांतले फिरते विशेष शिक्षक आहेत. यातल्या एकाला समोर बसवून दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ ठेवला तर फोन धरणाऱ्या नातवाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

अडतं ते पैशाच्या आणि अधिकाराच्या पाशी. २५ मार्च २०२०ला निघालेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. पुनर्वसनाचं काम ज्यांच्या अंगावर पडतं ते ऑप्टोमेट्रिस्ट, व्यवसायोपचार तज्ज्ञ, विशेष शिक्षक त्यात बसत नाहीत. काहींची नोंद १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, काहींसाठी २०२१चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या सरकारी एडिप योजनेतून भिंगं, काठ्या, बोलणारी उपकरणं मिळतात, पण भर वस्तू वाटण्यावर असतो. ती वापरायला शिकवण्याच्या तासांचा हिशेब कुणी मागत नाही. उपकरणं किती वाटली हा आकडा अहवालात येतो आणि सहा महिन्यांनी त्यातली किती वापरात आहेत हा येत नाही. २०१६च्या कायद्याचं २७वं कलम पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं, ‘आर्थिक क्षमतेनुसार’ अशी पाचर मारून. दूरस्थ सत्रांचा खर्च त्या क्षमतेत सहज बसावा. भिंग दिल्यावर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी एकेक फोन, त्या फोनचं मानधन, आणि त्यात विचारायचा एकच सक्तीचा प्रश्न: ते भिंग आत्ता कुठे आहे?